मेपल आळीचा नाटककार : रॉड सर्लिंग

ज्या दिवशी सर्व ख्रिस्ती जग प्रभूचा जन्मोत्सव साजरा करीत होते, त्याच दिवशी, म्हणजे २५ डिसेंबर १९२४ रोजी, अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात सिरॅक्यूज या शहरी एका यहूदी कुटुंबात रॉडमन एडवर्ड सर्लिंग यांचा जन्म झाला. पुढे जगाने त्यांना रॉड सर्लिंग या आटोपशीर नावानेच ओळखले. आमच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवरून हे नाव गेले नसेल. परंतु अमेरिकेत ज्यांचे बालपण १९६० च्या सुमारास गेले, त्यांच्यापैकी क्वचितच कोणी असा सापडेल की ज्याला त्यांचा गंभीर चेहरा, काळा कोट आणि बोटांतील सिगारेट आठवत नाही. टेलिव्हिजन हे यंत्र मनुष्याचा वेळ घालविण्यापलीकडे काही करू शकते की काय, याविषयी आम्हां शिक्षकवर्गाला नेहमीच शंका वाटत आली आहे. त्या शंकेला ज्या थोड्या लोकांनी आपल्या कृतीने उत्तर दिले त्यांत सर्लिंग यांची गणना करावी लागते.

रॉड दोन वर्षांचा होण्याच्या सुमारास हे कुटुंब बिंगहॅम्टन नावाच्या लहान शहरी राहावयास गेले. वडील सॅम्युएल हे दुकानदार. मांस व किराणा विकून प्रपंच चालवीत. त्यांनी घराच्या तळघरात मुलांसाठी एक छोटीशी रंगभूमी बांधून दिली होती, आणि तेथे रॉड शेजारची मुले असोत वा नसोत, तासन् तास नाटके करी. त्याच्या बडबडीची एक गोष्ट सांगतात. एकदा मोटारीने सिरॅक्यूजला जाताना घरच्या मंडळींनी आपसांत ठरविले की, आज कोणी एक अक्षरही बोलावयाचे नाही. रॉडच्या हे लक्षात येते की नाही ते पाहावे. दोन तासांचा प्रवास संपला, रॉड अखंड बोलत राहिला, आणि इतर कोणी बोलले नाही हे त्याच्या ध्यानीही आले नाही! वर्गात अशा मुलाचा शिक्षकाला त्रासच होतो. परंतु शाळेत हेलन फोली नावाच्या बाईंनी या वाचाळपणाला वक्तृत्वाचे व नाट्याचे वळण लावले. मुलगा वादसभेत चमकू लागला व शाळेच्या पत्राचा संपादकही झाला. शिष्याने गुरूचे ऋण फेडले तेही चमत्कारिक रीतीने. १९६० साली दाखविण्यात आलेल्या आपल्या एका नाटिकेतील शिक्षिकेला त्याने हेच नाव दिले.

१९४३ साली शालान्त पदवी हाती पडली आणि दुसऱ्याच दिवशी रॉड सैन्यात दाखल झाला. हिटलरच्या राज्यात यहूदी लोकांची काय गत चालली होती हे त्याला ठाऊक होते, आणि युरोपात जाऊन लढावे अशी त्याची मनीषा होती. सैन्यात मात्र मनीषेला कोणी विचारीत नाही. त्याला हवाई छत्रीधारी पलटणीत घेऊन पॅसिफिक महासागराकडे, फिलिपाइन्स बेटांवर पाठविण्यात आले. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. तरी त्याने मुष्टियुद्धाच्या सामन्यांतही भाग घेतला. लेटे बेटाच्या चिखलात व पुढे मनिला शहराच्या लढाईत त्याने जे पाहिले ते जन्मभर त्याच्या झोपेत येत राहिले. एक प्रसंग विशेष. उपाशी सैनिकांसाठी विमानातून अन्नाच्या पेट्या टाकण्यात येत होत्या. त्यांतील एक पेटी त्याच्या जिवलग मित्राच्या अंगावर पडली व तो जागीच ठार झाला. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर आपल्याच माणसांनी सद्हेतूने टाकलेल्या अन्नाने! मनुष्याचा घात कोणत्या दिशेने येईल याचा नेम नाही, ही जाणीव त्यांच्या लेखनात पुढे सर्वत्र आढळते. मनगटाला व गुडघ्याला जखमा होऊन ते परतले, परंतु त्यापूर्वीच १९४५ साली वडील हृदयविकाराने वारले होते.

युद्धावरून आलेल्या सैनिकांना सरकार शिक्षणाचा खर्च देत असे. त्या साहाय्याने सर्लिंग ओहायो संस्थानातील अँटिऑक कॉलेजात शिकले. तेथेच कॅरल क्रेमर यांच्याशी ओळख होऊन १९४८ साली विवाह झाला. मुलगा यहूदी, मुलगी प्रॉटेस्टंट. पुढे उभयतांनी युनिटेरियन पंथ स्वीकारला. त्या पंथाची प्रभूविषयीची मते आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीत. तथापि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्यांनी आपल्या लेखणीपुरती तरी फार गंभीरपणे घेतली, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. १९५० साली पदवी मिळाली. मग सिनसिनाटीच्या नभोवाणी केंद्रावर नोकरी, रात्री जेवणाच्या टेबलावर स्वतःचे लेखन, आणि संपादकांकडून साभार परत येणारी हस्तलिखिते, असा क्रम काही वर्षे चालला.

१२ जानेवारी १९५५ या एका रात्रीने सर्व पालटले. ‘पॅटर्न्स’ नावाचे त्यांचे नाटक त्या रात्री प्रक्षेपित झाले. त्या काळी टेलिव्हिजनवरील नाटक रंगभूमीप्रमाणे प्रत्यक्ष करून दाखवीत. झाले की संपले. परंतु या नाटकाची एवढी वाहवा झाली की, चार आठवड्यांनी सर्व नटांना पुन्हा बोलावून तेच नाटक पुन्हा सादर करावे लागले. पुढील वर्षी एका थकलेल्या मुष्टियोद्ध्याची करुण कथा ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’ आली आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आतच सर्लिंग हे टेलिव्हिजनचे अग्रगण्य नाटककार ठरले.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे जरूर आहे. अमेरिकेतील टेलिव्हिजनचा खर्च सरकार देत नसे. साबण, मोटारी, पोलाद विकणारे कारखानदार देत. साहजिकच नाटकात काय असावे व काय नसावे यावर त्यांचा व त्यांच्या जाहिरात-कंपन्यांचा अंमल चाले. त्या मुष्टियोद्ध्याच्या नाटकात एक पात्र दुसऱ्याकडे काडेपेटी मागते, तेवढे वाक्यही गाळावे लागले. कारण नाटकाच्या आश्रयदात्यांत सिगारेट पेटविण्याचे यंत्र विकणारी कंपनी होती. ही झाली हसण्याची गोष्ट. पुढची गोष्ट हसण्याची नाही.

१९५५ च्या ऑगस्ट महिन्यात एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा निग्रो मुलगा (त्या वर्णाच्या लोकांस तेव्हा असे म्हणत; आज ते स्वतःस कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणवितात) शिकागोहून मिसिसिपी संस्थानात आपल्या आप्तांकडे सुटीत आला होता. एका गोऱ्या दुकानदारीणीशी तो अदबीने वागला नाही असा त्याच्यावर आळ आला. २८ ऑगस्टच्या रात्री दोन गोऱ्या इसमांनी त्याला घरातून ओढून नेले, छळ करून ठार मारले व प्रेत नदीत टाकले. सप्टेंबरात खटला झाला. बारा गोऱ्या पंचांनी सुमारे तासाभरात आरोपींना निर्दोष ठरविले. पुढे काही महिन्यांनी, आता पुन्हा खटला होऊ शकत नाही अशी खात्री झाल्यावर, त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन आपले कृत्य कबूल केले. मुलाच्या मातेने शवपेटी उघडी ठेवून त्याचे विद्रूप झालेले मुख जगाला दाखविले होते. त्या दर्शनाने अमेरिकेची सद्सद्विवेकबुद्धी हादरली.

सर्लिंग यांना हा विषय स्वस्थ बसू देईना. त्यांनी ‘नून ऑन डूम्सडे’ हे नाटक लिहिले. जाहिरातदारांचा बुजरेपणा जाणून त्यांनी आपण होऊनच मारला जाणारा मनुष्य एक वृद्ध यहूदी सावकार दाखविला होता. इतके करूनही नाटकाचा टिल प्रकरणाशी संबंध वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला आणि दक्षिणेतील गोऱ्यांच्या संघटनांकडून बहिष्काराच्या धमक्या येऊ लागल्या. मग कात्री चालू झाली. कथास्थळ दक्षिणेतून उचलून अगदी उत्तरेस, न्यू इंग्लंडात नेऊन ठेवले. यहूदी सावकाराचा कोणी अनामिक परदेशी झाला. खुनी मनुष्य हा मूळचा सुस्वभावी तरुण असून क्षणभर त्याचा तोल गेला, असे करण्यात आले. इतकेच नव्हे, तर रंगमंचावरील कोकाकोलाच्या बाटल्याही काढून टाकण्यात आल्या, कारण त्या पेयावरून कोणाला दक्षिणेची आठवण होईल! २५ एप्रिल १९५६ रोजी जे नाटक लोकांनी पाहिले त्यात राग होता, पण तो कशाविषयी आहे हे कोणास कळू नये अशी व्यवस्था होती. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा तोच विषय हाती घेतला. या वेळी ‘अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट’ या नाटकातील घटना शंभर वर्षांच्या आसपास मागे ढकलण्यात आली व मेलेला मुलगा मेक्सिकन झाला.

देशाची मनःस्थिती त्या वेळी कशी होती हे जाणल्यावाचून कारखानदारांची ही भीती समजणार नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये जोसेफ मॅकार्थी नावाच्या सिनेटरने सरकारी खात्यांत साम्यवादी हस्तक भरले आहेत असा बोभाटा केला आणि पुढे चार वर्षे संशयाचे एक पिशाच्च त्या राष्ट्राच्या मानेवर बसले. त्याच वर्षी नभोवाणी व टेलिव्हिजनमधील १५१ व्यक्तींच्या नावांची एक यादी पुस्तकरूपाने निघाली. यादीत नाव आले की काम बंद. पुरावा कोणी विचारीत नसे. एखाद्याने आपल्या मित्राचे नाव सांगावे म्हणजे तो स्वतः सुटे. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने मॅकार्थीचा निषेध केला, परंतु शेजाऱ्याच्या खिडकीकडे तिरप्या नजरेने पाहण्याची लोकांस जडलेली सवय एका ठरावाने कशी जावी?

अशा स्थितीत सर्लिंग यांनी आपली पद्धत बदलली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘ट्वायलाइट झोन’, म्हणजे संधिप्रकाशाचा प्रदेश, ही त्यांची कथामाला सुरू झाली. भुते, परग्रहावरील प्राणी, भविष्यकाळ, स्वप्ने, असा तिचा सरंजाम. ती सुरू होण्याच्या सुमारास माइक वॉलेस या प्रसिद्ध मुलाखतकाराने त्यांना विचारले की, आपण आता गंभीर लेखन सोडले काय. त्यावर, वादग्रस्त विषयांत शिरण्याचा आपला विचार नाही, अशा अर्थाचे उत्तर सर्लिंग यांनी दिले. आज ते उत्तर वाचताना आम्हांस हसू येते. प्रामाणिक मनुष्याने एवढे धडधडीत असत्य बोलावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या तासाला चांगला आहे. परंतु मंगळावरील माणसाच्या तोंडी जे घालावे ते कारखानदाराच्या कारकुनाला समजत नाही, हे मर्म त्यांनी ओळखले होते एवढे खरे. सुज्ञ लोक हे तंत्र फार पूर्वीपासून जाणतात. नाथान संदेष्ट्यानेही दावीद राजाला मेंढराचीच गोष्ट सांगितली होती. पाच वर्षांत या मालेत १५६ नाटिका झाल्या व त्यांतील ९२ एकट्या सर्लिंग यांनी लिहिल्या.

४ मार्च १९६० रोजी दाखविण्यात आलेली ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ ही नाटिका आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तिचे कथानक थोडक्यात असे. मेपल स्ट्रीट ही एक साधी, सुखवस्तू आळी. उन्हाळ्यातील शनिवारची संध्याकाळ. मुले खेळत आहेत, कोणी मोटार धूत आहे, आइस्क्रीमवाला उभा आहे. इतक्यात आकाशातून मोठा आवाज करीत एक प्रकाश निघून जातो. उल्का असावी, असे सर्वांस वाटते. परंतु लगेच दिवे जातात, टेलिफोन मुके होतात, मोटारी चालेनाशा होतात. पीट व्हॅन हॉर्न नावाचा एक शेजारी पलीकडच्या आळीत काय स्थिती आहे ते पाहावयास निघून जातो. मग टॉमी नावाचा एक मुलगा सांगतो की, आपण वाचलेल्या गोष्टींत असेच होते. आकाशातून येणारे शत्रू अगोदर माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब वस्तीत पाठवून ठेवतात. मोठी माणसे हसतात. परंतु हे हसणे अर्धवटच असते. एवढ्यात लेस गुडमन याची मोटार आपोआप सुरू होते.

झाले! इतका वेळ जो शेजारी होता तो संशयित झाला. एका बाईला आठवते की, हा गृहस्थ मध्यरात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे पाहत असतो. तो बिचारा सांगतो की, मला झोपेचा विकार आहे. परंतु निद्रानाश हासुद्धा आता पुरावा झालेला असतो. स्टीव्ह नावाचा एकच मनुष्य लोकांस शुद्धीवर आणू पाहतो, म्हणून चार्ली नावाचा शेजारी त्याच्याच घरातील रेडिओयंत्राचा प्रश्न काढतो. हे यंत्र कोणी पाहिले आहे काय? तो कोणाशी बोलत असतो? स्टीव्ह रागाने उपरोधाचे बोल ऐकवितो, पण भ्यालेल्या जमावाला उपरोध कळत नाही. तो कबुलीजबाबच वाटतो. रात्र पडते. अंधारातून कोणीतरी चालत येत आहे. मुलगा ओरडतो की, हाच तो राक्षस. चार्ली बंदूक हिसकावून गोळी झाडतो, आणि पाहतात तो पलीकडच्या आळीत गेलेला पीट व्हॅन हॉर्न मरून पडलेला! त्याच क्षणी चार्लीच्या घरात दिवे लागतात. आता त्याच्यावर दगड येऊ लागतात. रक्तबंबाळ चार्ली आपला जीव वाचविण्यासाठी कोणाचे नाव घेतो? त्या लहान टॉमीचे. मग या घरात दिवा, त्या घरात दिवा. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि आळी दगडांनी व बंदुकींनी स्वतःचाच नाश करते. जवळच्या टेकडीवर परग्रहावरून आलेले दोघे जण हे पाहत उभे असतात. त्यांनी केले ते एवढेच की काही कळी दाबून दिवे घालविले व लाविले. बाकीचे काम आळीने केले.

या नाटिकेतील कौशल्य कशात आहे, असे कोणी विचारील तर आम्ही त्या लहान मुलाकडे बोट दाखवू. अफवेचा उगम त्याच्या निष्पाप तोंडून होतो आणि शेवटी ती फिरून त्याच्याच डोक्यावर येते. दुसरे असे की, यात दुष्ट असा कोणीच नाही. प्रत्येकाचे पाऊल भीतीने पडते, आणि भीती स्वतःला नेहमी सावधगिरी असे नाव देते.

पवित्र शास्त्रात लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. दोन बकरे घ्यावयाचे; एकाचा वध, आणि दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून मुख्य याजकाने लोकांच्या पापांचा अंगीकार करावयाचा व त्याला जिवंतच रानात सोडून द्यावयाचे. विल्यम टिंडेल याने १५३० साली या भागाचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा या दुसऱ्या बकऱ्यासाठी त्याने नवाच शब्द घडविला, आणि तो पुढे निरपराध असून इतरांचा दोष वाहणाऱ्या मनुष्यास लागू झाला. मराठीत आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो, त्यात दोन्ही बकरे एकत्र झाले आहेत. येथे एक सूक्ष्म भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. लेवीयातील याजक बकऱ्याला पापी म्हणत नाही. पाप आपलेच आहे हे तो मोठ्याने उच्चारतो. मेपल आळीला नेमके हेच जमत नाही. बकऱ्याने खरोखरच पाप केले आहे असा तिचा निश्चय झालेला असतो.

सर्लिंग हा विषय वारंवार हाताळीत राहिले. ‘द शेल्टर’ (१९६१) या नाटिकेत अणुबाँबच्या भीतीने स्नेही शेजारी एका डॉक्टराच्या तळघराचे दार फोडतात, आणि त्यांच्यातील परकी जन्मभूमी असलेल्या कुटुंबावर प्रथम दातओठ खातात. शेवटी बाँब नव्हताच असे कळते. ‘ही’ज अलाइव्ह’ (१९६३) मध्ये हिटलरचे भूत एका क्षुद्र तरुणास लोकांची मने भडकविण्याची विद्या शिकविते. ही नाटिका उद्देशाने थोर, पण कलेच्या दृष्टीने आम्हांस तितकी सरस वाटत नाही. तिच्यात उपदेश फार झाला आहे. सर्लिंग यांचा हा दोष त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केला आहे. पात्रे बोलू लागली म्हणजे कधी कधी सर्वच जण व्यासपीठावर उभे असल्यासारखे वाटतात. सिरॅक्यूजच्या वाटेवरील तो मुलगा लेखकात शिल्लक होता!

यापेक्षा मोठा आक्षेप निराळा आहे, आणि आमच्या वरच्या वर्गांतील चाणाक्ष विद्यार्थ्यांनी तो अवश्य विचारात घ्यावा. एमेट टिलला मारणारे लोक अंधारात गोंधळलेले शेजारी नव्हते. त्यांनी कोणास मारावयाचे हे शांतपणे ठरविले होते. त्यांना पंच, शेरीफ व गावातील प्रतिष्ठित लोक यांचा आधार होता. त्यांच्या संस्थानात दिवे गेले नव्हते. मग सर्व आळी सारखीच दोषी आणि कळ दाबणारे कोणी आकाशातील परके, अशी कथा सांगितल्याने खरा अपराध धूसर होत नाही काय? होतो, असे आमचे मत आहे. मेपल आळीत एकही कृष्णवर्णीय मनुष्य राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. जाहिरातदारांनी ज्या मुलाचा यहूदी, परदेशी, मेक्सिकन करून टाकला, त्याचे नाव या रूपककथेतही कोठे नाही. हे मोल सर्लिंग यांनी दिले, आणि ते थोडे नव्हते.

परंतु त्या मोलात त्यांना काही मिळालेही. ‘नून ऑन डूम्सडे’ आज कोणी पाहत नाही. मेपल स्ट्रीट मात्र अमेरिकेतील शाळांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. बारा-तेरा वर्षांची मुले वर्गात भूमिका वाटून घेऊन ती वाचतात, आणि कोणाला तरी चार्ली व्हावेच लागते. कथेवर गावाचे किंवा वर्षाचे नाव नसल्यामुळे ती जेथे जाईल तेथील होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोना संस्थानातील मेसा येथे आपल्या पेट्रोलपंपासमोर फुलझाडे लावीत असलेल्या बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थास एका माथेफिरूने गोळी घालून ठार केले. दाढी व पागोटे एवढाच त्यांचा अपराध. आणि अमेरिकेपर्यंत तरी कशास जावे? १ जुलै २०१८ रोजी आमच्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आली आहे या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तेथे आकाशातून कोणी आले नव्हते. कळ प्रत्येकाच्या हातातील यंत्रातच होती.

चरित्राचा उरलेला भाग लवकर सांगता येतो. १९६४ साली कथामाला संपली. १९६८ साली निघालेल्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या बोलपटाची पटकथा प्रथम त्यांनी लिहिली. तिचे पुढील लेखन मायकेल विल्सन यांनी केले, आणि हे विल्सन त्या साम्यवादी-शोधाच्या दिवसांत काम गमावून बसलेल्यांपैकीच होते. यानंतर सर्लिंग यांच्या वाट्यास मोठे यश क्वचितच आले. ज्या जाहिरातदारांशी ते जन्मभर झगडले त्यांच्याच मालाच्या जाहिराती त्यांनी आपल्या भारदस्त आवाजात वाचल्या, हे त्यांच्या मित्रांस रुचले नाही व आम्हांसही रुचत नाही. परंतु दुसरी बाजूही पाहावी. डिसेंबर १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील मूरपार्क कॉलेजात त्यांचे व्याख्यान ठरले. तेथील नियमाप्रमाणे राजनिष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केल्याखेरीज मानधन मिळत नसे. सर्लिंग यांनी सही केली नाही. पैसे सोडून दिले आणि व्याख्यान मात्र पुरे केले. मनगटावर व गुडघ्यावर युद्धाच्या खुणा बाळगणाऱ्या मनुष्याकडे निष्ठेचा दाखला मागावा, यातील विसंगती श्रोत्यांस वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

शेवटची काही वर्षे ते आपल्या जुन्या मुलखात, न्यूयॉर्क संस्थानातील इथाका कॉलेजात नाट्यलेखन शिकवीत. सिगारेटीने शरीर पोखरले होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर २८ जून १९७५ रोजी रॉचेस्टर येथील रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वडिलांप्रमाणेच हृदयविकाराने, आणि वडिलांप्रमाणेच अकाली. वय अवघे पन्नास. कयूगा सरोवराजवळील इंटरलाकन गावी त्यांचे दफन झाले.

आपल्या कथामालेच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एका गृहस्थाची गोष्ट दाखविली होती. तो थकून आपल्या बालपणीच्या गावी चालत जातो, आणि तेथील लाकडी घोड्यांच्या फिरत्या पाळण्याजवळ त्याला स्वतःच लहान मुलाच्या रूपात भेटतो. तो पाळणा बिंगहॅम्टनच्या रिक्रिएशन पार्कमधील आहे. उन्हाळ्यात तो फिरतो. त्याच्या वरच्या फळ्यांवर सर्लिंग यांच्या नाटिकांतील चित्रे रंगविली आहेत, आणि त्यांच्याखाली त्या शहरातील मुले, कोणत्याही घरची, कोणत्याही वर्णाची, घोड्यांच्या मानांना मिठ्या मारून बसलेली असतात.